मराठी मजकुराचा अचूक प्रवास

भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर या भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांतील ग्रामसभांचे ठराव, शाळांचे अहवाल व लाभार्थ्यांच्या याद्या आता ई-मेलने काही क्षणांत पाठविता येतात. परंतु पाठविणाऱ्याच्या पडद्यावर स्वच्छ दिसणारी मराठी यादी दुसऱ्या कार्यालयात उघडताच कधी कधी निरर्थक चिन्हांची रांग दिसू लागते. हा दोष टंकलेखकाचा नसून संकेतांचा असतो.

मूळ कारण

संगणक अक्षरे नव्हे, तर अंक साठवितो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, याबद्दल दोन्ही टोकांना एकमत असावे लागते. जुन्या मराठी टंकांनी रोमन अक्षरांचेच अंक वापरून त्यांवर देवनागरी आकार बसविले. ‘कृतिदेव’ टंकात ‘काम’ हा शब्द वस्तुतः डी, के, ई या तीन रोमन अक्षरांच्या रूपाने साठविला जातो. तो टंक नसलेल्या संगणकावर ती तीन अक्षरेच दिसतात.

एकच संकेत

भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ ही मानक संहिता १९९१ साली निश्चित झाली. त्याच वर्षी जगातील लिपींना समान क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. हे क्रमांक बहुधा यूटीएफ-८ या पद्धतीने पाठविले जातात. ‘भंडारा’ या शब्दात अनुस्वार व काने धरून सहा चिन्हे आहेत. प्रत्येकास तीन याप्रमाणे त्याला अठरा बाइट लागतात. वाचणाऱ्या संगणकाने प्रत्येक बाइट म्हणजे एक रोमन अक्षर, असे मानले की नावाचा चुराडा होतो.

संगणकाच्या प्रोग्रॅममधील दुरुस्त्याही ई-मेलने पाठविल्या जातात. तेथे जुनी ओळ तंतोतंत जुळावी लागते. तीतील एक अक्षर जरी बिघडले, तरी दुरुस्ती नाकारली जाते व चूक लगेच उघड होते. लाभार्थ्यांच्या यादीला असे संरक्षण नाही. बिघडलेले नाव तसेच नोंदले जाते आणि पुढे शोध घेता ते सापडत नाही. खरा धोका येथे आहे.

घ्यावयाची काळजी

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. त्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक उपयुक्त आहे. फाइल जतन करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार टिकतात, पण जुन्या टंकातील मजकूर त्यातही शोधता येत नाही. जुन्या फाइलींचे रूपांतर केल्यावर नावे व आकडे मूळ कागदाशी पडताळून पाहावेत. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला, त्यामुळे जुन्या नोंदींत तेच अक्षर वेगळ्या रीतीने साठविलेले असू शकते. महत्त्वाची यादी पाठविण्यापूर्वी एक-दोन ओळी पाठवून त्या समोरच्या कार्यालयात नीट वाचता येतात, याची खात्री करून घ्यावी.

ग्रामपंचायतीच्या दप्तरातील नाव हा नागरिकाच्या हक्काचा आधार असतो. ते जसे लिहिले तसेच पोहोचविणे, हे कागदी दप्तराइतकेच संगणकीय दप्तराचेही कर्तव्य आहे.