श्राद्ध कोणत्या तिथीस करावे?

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. पुढे हजिऱ्याला समुद्र भेटतो, आणि नोव्हेंबर २०२० पासून तेथून घोघ्याला जाणारी फेरीबोट सुटते. खंबायतच्या आखातापलीकडचा सौराष्ट्राचा किनारा धरून दक्षिणेस उतरले की दीव येते. सुरत परिसरात पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हा समुद्र रोजीरोटीचा वाटतो. पण दीवपासून काही मैलांवर त्याच पाण्याच्या तळाशी भारतीय नौदलाची एक युद्धनौका विसावली आहे, याचे स्मरण किती जणांस असेल?

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने 'खुकरी' बुडविली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याच्या हाती दिले आणि ते नौकेवरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. दीवला या वीरांचे स्मारक आहे. त्याच नावाची दुसरी नौका १९८९ साली नौदलात दाखल झाली, डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढे दीवच्याच प्रशासनाकडे सुपूर्द करण्यात आली. हा सन्मान योग्यच झाला. अस्थी हाती आल्या नाहीत. परंतु खुकरीवरील वीरांच्या घरी निदान दिवस ठाऊक आहे, तिथी ठाऊक आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीस, शस्त्राने मृत्यू आलेल्यांच्या श्राद्धदिनी, त्यांच्या नावाने पिंड ठेवता येतो.

ज्यांच्या घरी एवढेही ठाऊक नाही, त्यांनी काय करावे?

याच युद्धाच्या पहिल्या काही दिवसांत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान पाकिस्तानच्या हद्दीत पडले. त्याच सुमारास पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली आणि तीत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड-दोन वर्षे झालेली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. उभे आयुष्य त्यांनी पतीचा शोध घेण्यात, मंत्रालयांचे उंबरठे झिजविण्यात आणि पत्रव्यवहारात घालविले.

मराठी मनाला येथे पार्वतीबाई आठवल्यावाचून राहात नाहीत. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृत्यूविषयी शंकेला जागा उरली, आणि त्या शंकेच्या आधारावर तोतयाचे बंडही उभे राहिले. पार्वतीबाईंनी मात्र अखेरपर्यंत कुंकू पुसले नाही. पुण्याच्या दरबारात कोणी त्यांना भाबडे म्हटले असेल. आम्हांस त्या भाबड्या वाटत नाहीत. ज्या गोष्टीचा पुरावा कोणी दिला नाही, ती मानण्यास त्यांनी नकार दिला, इतकेच.

बेपत्ता सैनिकांची यादी एका नावाची नाही. १९७९ साली लोकसभेत चाळीस नावे मांडली गेली. पुढे हा आकडा ५४ झाला. हे लोक पाकिस्तानच्या ताब्यात असावेत, असा आपल्या शासनाचा समज. आणि आपल्याकडे असा एकही युद्धकैदी नाही, हे पाकिस्तानचे ठरलेले उत्तर. १९८३ साली काही नातलग मुलतानच्या तुरुंगापर्यंत गेले, २००७ साली चौदा नातलगांनी तेथील अनेक तुरुंग पाहिले. दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी परतले. इतक्या वर्षांनी तुरुंगाची दारे उघडून दाखविण्यात कितपत प्रामाणिकपणा होता, हे वाचकांनीच ठरवावे.

पण सगळा दोष सीमेपलीकडे ढकलून आपली सुटका होत नाही. युद्धानंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी आपल्या हाती होते. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, कैदी परत गेले. आपल्या प्रत्येक बेपत्ता माणसाचा हिशेब मागण्याची याहून मोठी संधी कोणत्या राष्ट्राला कधी मिळाली असेल? त्या वेळी तो चोख मागितला गेला नाही, हे कटू असले तरी म्हटलेच पाहिजे. विजयाच्या उत्सवात ५४ घरे मोजायची राहून गेली.

पुढे हा प्रश्न न्यायालयात गेला, आणि तोही गुजरातेत. डिसेंबर २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने केंद्र शासनास आदेश दिला, की हा विषय आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावा आणि कुटुंबीयांना निवृत्तीचे लाभ द्यावेत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. भारत-पाकिस्तानमधील वाद दोघांनीच सोडवावेत, ही सिमला कराराची भूमिका शासनाला मोडवत नाही. तिचे महत्त्व आम्ही जाणतो. परंतु दोघांनी सोडवायचा प्रश्न पन्नासांहून अधिक वर्षे दोघांपैकी कोणीच सोडवीत नसेल, तर त्या भूमिकेचा भार नेमका कोणाच्या खांद्यावर पडतो?

आमच्या किनाऱ्यावरील माणसाला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. वादळात होडी परतली नाही की कोळीवाड्यातील बाई किती दिवस पाण्याकडे पाहत राहते, हे त्याने पाहिलेले असते. सात वर्षे वार्ता नसेल तर कायदा माणसास मृत मानतो. बारा वर्षांनंतर पळसाची प्रतिमा करून दहन करण्याचा विधी शास्त्रात आहे. म्हणजे कायद्याने आणि धर्मानेही वाट पाहण्याला कोठेतरी अंत दिला आहे. पण हे दोन्ही अंत वार्ता नसलेल्यांसाठी. ज्याचे नाव शत्रूच्याच वृत्तपत्रात छापून आले, त्याच्या पत्नीने पळस कोणत्या तोंडाने मागवावा?

आमचे मागणे मोठे नाही. या ५४ जणांसंबंधी वर्षभरात काय विचारले आणि काय उत्तर आले, याचे निवेदन शासनाने दर वर्षी डिसेंबरात संसदेपुढे ठेवावे. उत्तर आले नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. आणि खुकरीचे स्मारक जेथे आहे, त्या दीवच्या किनाऱ्यावर या ५४ नावांचीही एक शिळा उभारावी. तीवर जन्माचे साल कोरावे, बेपत्ता झाल्याचा दिवस कोरावा, आणि त्यापुढचा रकाना तूर्त मोकळा ठेवावा.