आम्ही, आपण आणि 'त्यांची टोळी'



समूहदर्शक शब्दांचा तक्ता तुमच्याही वर्गाच्या भिंतीवर असेल. गुरांचा कळप, पक्ष्यांचा थवा, केळ्यांचा घड, करवंदांची जाळी, लमाणांचा तांडा, चोरांची टोळी. मुलं तो चालीत पाठ करतात, पेपरात दोन मार्क मिळतात, विषय संपला. पण जरा थांबून बघा, यातले काही शब्द वस्तूंचे आहेत आणि काही माणसांचे. केळ्यांना घड म्हणा नाहीतर फणी म्हणा, केळ्यांचं काही बिघडत नाही. माणसांचं बिघडतं.

टोळीचंच घ्या. आपल्या अकोले तालुक्यात अगस्ती कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाची टोळी, अमक्या गावची टोळी, असंच बोललं जातं आणि त्यात कुणाला काही वाईट वाटत नाही. (नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. राबणारी माणसं दोन आणि नाव अवजाराचं, हाही एक समूहदर्शक शब्दच, पण तक्त्यात नाही.) आता कोपीवरचं एखादं पोर चार महिन्यांसाठी शाळेत येऊन बसतं आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "चोरांची टोळी". त्या पोराचे आईबाप या क्षणी टोळीतच ऊस तोडत असतात. शब्दाचा दोष नाही, तक्त्याचा आहे. 'मजुरांची टोळी' एवढी एक ओळ खाली वाढवली तरी पुष्कळ.

तांड्याचंही तसंच. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखातून नेणारा लमाणांचा काफिला म्हणजे तांडा. पुढे ते स्थिरावले आणि तांडा हे वस्तीचं नाव झालं. 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक याच बंजारा समाजातले. मुलांना एवढं सांगितलं की तांडा हा शब्द 'कळपा'च्या रांगेतून उठतो आणि 'गावा'च्या रांगेत जाऊन बसतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आतला कोण आणि बाहेरचा कोण, हे आपली मराठी नावांच्या आधी सर्वनामातच ठरवून टाकते. 'आम्ही उद्या रतनगडावर जाणार' आणि 'आपण उद्या रतनगडावर जाणार'. पहिल्या वाक्यात ऐकणारा घरी राहतो, दुसऱ्यात तो डबा घेऊन निघतो. इंग्रजीत दोन्हीला 'वी', हिंदीत दोन्हीला 'हम'. गुजरातीत मात्र हा भेद आहे, तेलुगू आणि तमिळमध्येही आहे. आपली मुलं हा नियम शाळेत यायच्या आधीच शिकून येतात, कुणी न शिकवता. 'आमच्यात ये' आणि 'आमच्यात नको येऊ' ही दोन्ही वाक्यं 'आमच्यात'नेच सुरू होतात, हेही त्यांना बरोबर माहीत असतं.

नावांची गंमत अशी की ती बोलणारा कुठे उभा आहे त्यावर बदलतात. राजूरचा माणूस खाली अकोले-संगमनेरच्या बागायती पट्ट्यात गेला की 'डांगाणातला' होतो. तोच कामाला मुंबईला गेला की 'घाटी' होतो. माणूस एकच, कपडे तेच. डांगी जनावरांचं प्रदर्शन दरवर्षी आपल्या राजूरला भरतं. बैल डांगी असला की त्याच्या पाठीवरून कौतुकाने हात फिरवतात, आणि माणूस डांगाणातला आहे म्हटलं की समोरच्याचा आवाज बदलतो. आपणही कमी नाही बरं का! कोपीवरच्या पोरांना 'ऊसतोडवाले' म्हणणारे आपणच.

हे काही आजचं नाही. मराठेशाही-पेशवाईच्या कागदांत गावच्या शेतकऱ्यांचे दोन वर्ग दिसतात. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेला, आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा, पण असा हक्क नसलेला. नांगर दोघांचाही त्याच मातीत चालायचा. 'उपरा' हा शब्द आपण आजही वापरतो. लक्ष्मण माने यांनी 1980 साली आलेल्या आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिलं. दुसऱ्यांनी हिणवून मारलेला शब्द त्यांनी उचलून पुस्तकावर छापला.

सरकारी शब्द तर आणखी पक्के. 1871 च्या इंग्रजी कायद्याने काही जमातींना 'गुन्हेगार जमाती' ठरवलं. म्हणजे मूल जन्मालाच गुन्हेगार म्हणून यायचं. 31 ऑगस्ट 1952 ला त्या यादीतून सुटका झाली, म्हणून त्यांना 'विमुक्त' म्हणतात. नाव चांगलं आहे, पण त्यातही जुन्या तुरुंगाची आठवण आहेच; कुणी सुटला म्हटलं की कशातून, हा प्रश्न येतोच. आपल्याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे घ्या. इंग्रजांच्या लेखी ते दरोडेखोरांचे म्होरके, त्यांची माणसं म्हणजे टोळी. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. आज आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो आणि त्यांच्या माणसांना साथीदार. त्या माणसांनी केलं ते तेच, लिहिणारा हात बदलला.

जवळचं आणखी एक उदाहरण सांगतो. प्रवरेवर निळवंडे धरण झालं आणि दोन नवे समूह जन्माला आले. वर ज्यांची जमीन पाण्याखाली गेली ते 'धरणग्रस्त', खाली ज्यांच्या शेताला कालवा जातो ते 'लाभधारक'. भिंत एकच. धरणग्रस्त दुसरीकडे जाऊन वसला की तिथे त्याला तिसरं नाव मिळतं, 'पुनर्वसनवाला'. तिथे जन्मलेल्या त्याच्या नातवालाही तेच म्हणतात. हे नाव कधी पुसतं, याचं कलम कुठल्या जीआरमध्ये नाही.

पोरांचा कारभार यापेक्षा बरा वाटतो मला. खेळात कच्चं, लहान पोर आलं तर ते त्याला हाकलत नाहीत, 'लिंबूटिंबू' करून घेतात. तो पळतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. थोडा मोठा झाला की कुणी न सांगता तो खरा गडी होतो. आत आणि बाहेर यांच्यामध्ये एक ओसरी असते, हे मोठ्यांच्या भाषेत फारसं सापडत नाही. पाहुणा हा एक शब्द आहे, पण पाहुण्याने चार दिवसांत जायचं असतं.

वर्गात घेण्यासारखा उपक्रम सांगतो. तिसरी-चौथीला छान जमतो. मुलांना एकच प्रसंग दोनदा लिहायला सांगा, एकदा 'आम्ही' घेऊन, एकदा 'आपण' घेऊन. सहल, जत्रा, विहिरीवरचं पोहणं, काहीही चालेल. मग शेजाऱ्याची वही वाचून सांगायचं, यात मी आहे का नाही. व्याकरणही होतं आणि नव्याने आलेल्या पोराकडे सगळ्यांच्या माना आपोआप वळतात.

एक सूचना, वेळ हाताशी ठेवा, कारण प्रश्न भलतीकडे जातात. आमच्या वर्गात एका मुलीने लिहिलं होतं, 'ताई दिवाळीला आली आणि म्हणाली, आमच्याकडे करंज्या अशा नाही करत.' त्या 'आमच्याकडे'खाली तिने रेघ मारली होती. "सर, ती आमचीच ताई ना? मग 'आमच्याकडे' म्हणजे कुणाकडे?" वर्गातल्या निम्म्या पोरींनी हात वर केले. त्यांच्या घरीही ताई असंच म्हणाली होती.