नारळीकर, जयंत विष्णु

(१९ जुलै १९३८ – २० मे २०२५). भारतीय खगोलभौतिकीविज्ञ, विश्वस्थितिशास्त्रज्ञ आणि मराठीतील आधुनिक विज्ञानकथेचे एक प्रवर्तक. जन्म कोल्हापूर येथे. वडील विष्णु वासुदेव हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, तर आई सुमती या संस्कृतच्या जाणकार होत्या. बालपण वाराणसीत गेले. शालेय शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरातील भाषा मराठी होती. मामा मोरेश्वर हुजूरबाजार घरातील फळ्यावर त्यांच्यासाठी अवघड गणिते लिहून ठेवीत. उत्तर पाठ करण्यापेक्षा ते स्वतः शोधण्याची सवय त्यांना अशा प्रकारे लहानपणीच लागली.

बनारस हिंदू विश्वविद्यालयातून बी.एस्‌सी. (१९५७) झाल्यावर ते केंब्रिजला गेले. तेथे गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत त्यांनी सीनियर रँग्लर हा बहुमान मिळविला (१९५९) आणि फ्रेड हॉईल (१९१५–२००१) यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच्‌.डी. पदवी संपादन केली (१९६३). गुरुत्वाकर्षणाचा हॉईल–नारळीकर सिद्धांत १९६४ मध्ये मांडला गेला. विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला, हे मत बहुमान्य होत गेले, तरी हॉईल यांच्याप्रमाणेच नारळीकरांनीही त्याच्या पर्यायांचा विचार अखेरपर्यंत सोडला नाही.

हॉईल हे नामवंत इंग्रज विज्ञानकथाकारही होते. सूर्याला झाकोळणाऱ्या आंतरतारकीय मेघाविषयीची त्यांची द ब्लॅक क्लाउड ही कादंबरी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शास्त्रज्ञांची विचारपद्धती, त्यांचे वादविवाद आणि राज्यकर्त्यांशी होणारे त्यांचे संघर्ष हाच कथेचा गाभा आहे. संशोधन व ललित लेखन या दोन्हींचे मूळ एकाच जिज्ञासेत असू शकते, याचे जिवंत उदाहरण नारळीकरांना आपल्या गुरूच्या ठायी लाभले.

मराठीत या प्रकाराची पूर्वपीठिका होती. ज्यूल व्हेर्न व एच्‌. जी. वेल्स यांच्या कथा रूपांतरांतून वाचकांना ठाऊक झाल्या होत्या, भा. रा. भागवत यांनी केलेली व्हेर्नची रूपांतरे विशेष लोकप्रिय ठरली. १९७२ मध्ये नारळीकर भारतात परतले व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. स्वतःची आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेऊन हे नाव बनविले होते. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये, म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला यांनी लिहून काढली. लेखकाची कीर्ती परीक्षकांना ठाऊक नसताना कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कराड येथील साहित्य संमेलनाच्या (१९७५) अध्यक्षीय भाषणात दुर्गा भागवत यांनी या नव्या कथेची दखल घेतली.

यक्षांची देणगी (१९७९) हा त्यांचा पहिला कथासंग्रह. प्रेषित, वामन परत न आला, व्हायरस इ. कादंबऱ्या त्यानंतरच्या. विज्ञानकथेतील विज्ञान हे सजावट नसून कथानकाचा आधार असले पाहिजे, ही त्यांची धारणा होती. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत मोबियस पट्टीच्या गुणधर्मावरून डाव्या-उजव्याची अदलाबदल कल्पिलेली आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत एक इतिहासकार मराठ्यांनी पानिपतची लढाई जिंकलेल्या पर्यायी जगात जाऊन पोहोचतो व त्याच्या अनुभवाची उपपत्ती पुंजयामिकीच्या आधारे लावली जाते. परदेशी कल्पनांना त्यांनी असा मराठी इतिहासाचा व घरगुती जीवनाचा संदर्भ दिला.

त्यांच्या लेखनामागील सामाजिक हेतू ‘धूमकेतू’ या कथेत स्पष्ट दिसतो. पृथ्वीच्या रोखाने येणारा धूमकेतू अण्वस्त्राच्या स्फोटाने वळविला जातो; मात्र संकट टळल्याचे श्रेय शोधकाच्या घरचे लोक शांतियज्ञाला देतात. उपकरणे स्वीकारणारा समाज विज्ञानाची विचारपद्धतीही स्वीकारतो काय, हा या कथेतील खरा प्रश्न होय. हाच प्रश्न त्यांनी कथेबाहेरही विचारला. २००८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची सांख्यिकीय चाचणी घेतली. कुंडली बुद्धिमान मुलाची की मतिमंद मुलाची, हे ओळखावयाचे होते. सहभागी २७ ज्योतिषांची उत्तरे सरासरी सु. ४६ टक्केच बरोबर आली. म्हणजे नाणेफेकीहून ती सरस नव्हती.

पुणे येथील आंतर-विद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राचे (आयुका, स्थापना १९८८) ते संस्थापक-संचालक होते. या पदावर त्यांनी २००३ पर्यंत काम केले. त्यांना पद्मभूषण (१९६५), युनेस्कोचे कलिंग पारितोषिक (१९९६), पद्मविभूषण (२००४) व महाराष्ट्रभूषण (२०१०) हे सन्मान लाभले. चार नगरांतले माझे विश्व या आत्मचरित्रास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला (२०१४). नासिक येथील साहित्य संमेलनाचे (२०२१) ते अध्यक्ष होते. पुणे येथे त्यांचे निधन झाले.

पात्रचित्रणापेक्षा कल्पनेच्या तर्कशुद्ध विस्ताराकडे त्यांच्या कथांचा कल अधिक आहे. असे असले, तरी मूलभूत विज्ञानातील कूट प्रश्न साध्या मराठीत मांडता येतात, हे त्यांनी सिद्ध केले आणि विज्ञानकथेला मराठी साहित्यात प्रतिष्ठेचे स्थान मिळवून दिले.