बोअरचं पाणी आणि काचेतला मासा

'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही भिंतीवरची ओळ मराठवाड्यातल्या किमान दोन पिढ्यांनी शाळेत जाता-येता वाचली आहे. पावसाळा तोंडावर आला की आरोग्य सेवक कॅनमधून मासे आणतात आणि गुरांच्या हौदात, वापरात नसलेल्या आडात, बांधकामासाठी भरून ठेवलेल्या टाक्यांत सोडतात. आठवड्यातून एकदा रिकामं करून 'कोरडा दिवस' पाळता येईल अशी ही ठिकाणं नसतात, म्हणून तिथे मासा कामाला लावायचा. धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावात कुणाला घरी फिश टँक ठेवायची हौस असेल, तर सुरुवात दुकानातल्या रंगीत यादीपासून नव्हे, या हौदातल्या माशापासून व्हायला हवी. या मुलखातलं पाणी कोणत्या माशाला मानवतं, याचा मोठा प्रयोग आरोग्य खात्याने आधीच करून ठेवला आहे.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्रिनिदाद बेटाचा. तिथल्या रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी या निसर्गअभ्यासकाने लंडनला नमुने पाठवले, 1866 साली ब्रिटिश म्युझियममधल्या अल्बर्ट गुंथरने माशाला त्याचं आडनाव दिलं. शास्त्रज्ञांनी पुढे शास्त्रीय नाव बदललं, पण लोकांच्या तोंडी गप्पीच राहिला. डासांच्या बंदोबस्तासाठी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आला. एक पूर्ण वाढलेला गप्पी दिवसभरात 80 ते 100 अळ्या खातो, असं राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमाचं साहित्य सांगतं. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, तेही साधारण दर महिन्याला. एकदा नराशी संयोग झाला की शुक्राणू ती कित्येक महिने पोटात साठवून ठेवते. त्यामुळे दुकानातून एकटी मादी आणली तरी घरात पिल्लं दिसू लागतात आणि लहान मुलांना त्याचं मोठं नवल वाटतं.

आता पाण्याकडे वळू. फिश टँकबद्दलची बहुतेक पुस्तकं माशांच्या चित्रांनी सुरू होतात. मराठवाड्यात ती बोअरपासून सुरू व्हायला हवीत. दख्खनच्या काळ्या खडकाच्या भेगांतून वर येणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड झालेलं असतं. बादलीच्या काठावरचा पांढरा थर, साबणाला न येणारा फेस, हीटरच्या कॉइलवर जमणारं कवच ही त्याची रोजची लक्षणं. असं पाणी बहुधा किंचित अल्कधर्मी असतं, म्हणजे त्याचा पीएच सातच्या वर. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिल्लं देणाऱ्या माशांची मंडळी अशाच पाण्यात खुलतात. मॉलीला तर थोडा खारटपणाही चालतो. याउलट निऑन टेट्रा आणि डिस्कस हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, पानं कुजून तांबूस झालेल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले मासे. शेतावर पैदास झालेला निऑन जड पाण्यात काही काळ तग धरतो, डिस्कस मात्र फार जपावा लागतो. सोलापूर-लातूरच्या दुकानातून हौसेने आणलेले निऑन महिन्याभरात एकेक करून जातात, तेव्हा घरातले 'आपल्याला मासे लाभत नाहीत' म्हणतात. लाभण्या-न लाभण्याचा इथे काही संबंध नाही. ते पाणीच त्या माशाचं नसतं.

जड पाण्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं जहाल. कोणतं रूप किती, हे ठरतं पीएच आणि तापमानावर. पीएच 7 आणि 25 अंश तापमानाला जहाल रूपाचा वाटा एक टक्काही नसतो. पीएच 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या पुढे जातो. पीएच साडेआठ आणि पाणी 30 अंश असेल तर जवळपास वीस टक्के. म्हणजे तेवढ्याच माशांनी, तेवढ्याच खाद्यावर केलेली घाण पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यापेक्षा बेंबळीच्या बोअरच्या पाण्यात कितीतरी अधिक मारक ठरते, आणि मे महिन्यात तर फारच. 'चिमूटभर खाद्य, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच' हा सल्ला सगळीकडे देतात. इथे तो अक्षरशः पाळावा लागतो.

टँकचं माप दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असावं. यात काठापर्यंत साधारण 56 लिटर पाणी मावतं. प्रत्यक्षात 50 भरावं. काच, वाळू, पाणी मिळून वजन सत्तर किलोच्या घरात जातं, त्यामुळे टीव्हीच्या शोकेसवर किंवा पत्र्याच्या हलक्या कपाटावर टँक ठेवू नये. खाली थर्माकोलची शीट घालावी, म्हणजे पृष्ठभागातला उंचसखलपणा काचेला बाधत नाही. तळाला ओढ्यातली काळी बारीक खडी उत्तम. मात्र काळ्या रानात सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे त्यात येऊ देऊ नयेत. ते पाण्यात हळूहळू विरघळतात आणि आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करतात. शंका असेल त्या खड्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर तो खडा बाजूला काढावा. टँक खिडकीच्या थेट उन्हात ठेवला तर आठवड्यात काचा शेवाळाने हिरव्या होतात.

पुढची पायरी थांबण्याची असते, आणि नव्या माणसाला तीच जड जाते.

टँक भरला, फिल्टर लावला, की चार ते सहा आठवडे त्यात मासे सोडायचे नाहीत, किंवा फार तर दोन-तीन गप्पी. या काळात चिमूटभर खाद्य टाकत राहायचं, म्हणजे अमोनिया तयार होतो आणि त्यावर जगणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर वस्ती करतात. जीवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच; ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेईनासं होतं. नायट्रेट त्या मानाने सौम्य, वनस्पतींचं खत. जमिनीतलं हे चक्र रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्कीने 1890च्या सुमारास उलगडलं. टँकमध्ये नायट्राइट संपवणारे जीवाणू मुख्यतः नायट्रोस्पिरा गटातले असतात, हे कळायला मात्र 1998 उजाडावं लागलं. अगदी नवा, चकचकीत टँक माशाला सर्वांत धोक्याचा असतो, त्याचं कारण हेच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणंही त्याच कारणाने चूक. ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर पडलेली असते, तिच्यातला क्लोरीन ही सगळी वस्ती एका धुण्यात मारतो. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा, आणि नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरावं.

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने 1850 साली केमिकल सोसायटीपुढे जो प्रयोग मांडला तो आजही वाचण्यासारखा आहे. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नावाचं पाणगवत, आणि सडलेली पानं खाणाऱ्या गोगलगायी. पाणी न बदलता हा संसार त्याने महिनोन्महिने चालवून दाखवला. वनस्पती प्राणवायू पुरवतात आणि माशांची घाण शोषतात, हा त्याचा निष्कर्ष बरोबर होता. जीवाणूंचा वाटा त्याच्या काळात कुणालाच ठाऊक नव्हता.

त्याच्या कितीतरी आधी याच परिसरात माशांचा बारकाईने विचार झालेला आहे. उमरग्याच्या पलीकडे, आज कर्नाटकात असलेलं बसवकल्याण ही कल्याणी चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचा भाग आहे. समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्या सुमारे पस्तीस माशांची नावं, ते राहतात कुठे, त्यांना खायला काय घालावं, याची त्यात नोंद आहे. राजाचा हेतू गळ टाकून मासे पकडण्याच्या खेळाचा होता, पण कोणता मासा कोणत्या पाण्यातला आणि कोणत्या खाद्याचा, हे आधी जाणून घ्यायची त्याची रीत कुठल्याही फिश टँकवाल्याने उचलावी अशी आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकात या भागाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला.

महाराष्ट्रात काचेआडचे मासे बघण्याची गोडी लावली ती मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते मरीन ड्राइव्हवर खुलं झालं. शाळेच्या सहलीतून ते पाहून आलेल्या किती मुलांनी घरी बरणीत मासे ठेवले असतील, याची मोजदाद कुणाकडे नाही.

ती बरणी मात्र आता सुटायला हवी. गोल बाउलमध्ये पाण्याचा पृष्ठभाग लहान, फिल्टर नाही, आणि आत बहुधा गोल्डफिश. हा मासा नीट जगला तर वीतभर वाढतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज काढतो. शिवाय तो थंड पाण्यातला. धाराशिवचा उन्हाळा त्याला सोसत नाही. वास्तूच्या नावाखाली खपणारे फ्लॉवरहॉर्न आणि अरोवानाही असेच मोठे होतात. दोन फुटी टँकमध्ये अरोवाना ठेवणं म्हणजे त्याला वळायलाही जागा न देणं. टँक ईशान्येला आहे की आग्नेयेला, याने माशाचं काही बरंवाईट होत नाही. दक्षिणेच्या तापलेल्या भिंतीला टेकून असेल तर मात्र होतं.

उन्हाळा हीच इथली खरी परीक्षा. पाणी 20 अंशांवर असताना एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. 35 अंशांना तो 7च्या खाली येतो. आणि गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले की वेळ आलीच समजावी. महागडं चिलर यंत्र लागत नाही. टँकचं झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मराठवाड्याची कोरडी हवा इथे उपयोगी पडते. कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे. वीज गेली की अडचण. भारनियमनाच्या गावात सेलवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा, आणि तोही नसेल तर तांब्याने पाणी उंचावरून परत टँकमध्ये ओतत राहावं. याने पृष्ठभाग हलतो, हवा मिसळते.

पंख्याने पाणी उडतं, क्षार मागे राहतात. त्या जागी पुन्हा बोअरचंच पाणी भरत गेलं तर दर आठवड्याला जडपणा चढत जातो. उडालेल्या पाण्याच्या जागी गावातल्या आरओ प्लांटचं जारचं पाणी घालावं. मात्र आख्खा टँक जारच्या पाण्याने भरू नये, कारण त्यात क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात आणि गप्पी-मॉलीला ते लागतात. घरच्या आरओ मशीनमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी तर टँकसाठी साफ वर्ज्य. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरी जाऊ देऊन पत्र्यावरचं पाणी धरलं, तर अर्धं बोअरचं, अर्धं पावसाचं अशी छान जमवाजमव होते.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात शोभेच्या माशांसाठी पाणी खर्च करावं का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला हिशेबानेच उत्तर द्यायला हवं. पन्नास लिटरच्या टँकमधलं चौथा हिस्सा पाणी आठवड्याला बदलायचं, म्हणजे बारा-तेरा लिटर, एक बादली. हे पाणी मोरीत ओतायचं नाही. त्यात नायट्रेट असतं, माशांची विष्ठा असते. तुळस, कढीपत्ता, दारातली जास्वंद यांना ते साध्या पाण्यापेक्षा मानवतं. मॉलीसाठी मीठ घातलं असेल तर मात्र ते झाडांना देऊ नये. झाडांना एरवीही जी बादली द्यायची तीच टँकमधून फिरून आली, तर पाण्याचा जादा खर्च जवळजवळ उरतच नाही. विहिरी तळाला गेल्या की मासे कमी करावेत, जास्तीचे कुणाला तरी देऊन टाकावेत.

2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनासाठी 3 लाख रुपयांचा प्रकल्प खर्च धरला गेला. त्यावर सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठरलं. आपल्याकडच्या दुकानांत येणारा बराच माल कोलकाता, चेन्नईतलं कोळत्तूर आणि मुंबईच्या कुर्ल्यातून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत लांबचा प्रवास करून येतो. गप्पी आणि मॉली इथल्याच जड पाण्यात वाढवले, तर त्या प्रवासातली मरतूक वाचेल. बचत गटातल्या महिलांनी सिमेंटच्या दोन टाक्यांपासूनही याचा अंदाज घ्यावा.

पिल्लं वाढली की ती कुठे सोडायची हा प्रश्न येतोच. हौदात, बंद टाकीत सोडावीत. तेरणा नदीत, ओढ्यात, पाझर तलावात कधीही नाही. काचा साफ करायला आणलेला सकर मासा मोठा झाल्यावर लोकांनी तलावांत टाकला, आणि आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळीपासून आंध्र-तेलंगणापर्यंत तो मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. आपल्या पाण्यातले स्वतःचे मासे काही कमी नाहीत. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने भीमेच्या खोऱ्यातले मासे गोळा करून 1830च्या दशकात लंडनला नोंदवले, तेव्हा कित्येकांची शास्त्रीय नावं त्याने इथल्या कोळ्यांच्या तोंडच्या नावांवरूनच ठेवली. 1952 साली चं. वि. कुलकर्णी यांनी कोल्हापूरकडच्या पाण्यातून दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणारा 'खवलचोर' जगापुढे आणला. डोक्यावर चकाकता ठिपका असलेला पंचॅक्स पाण्याच्या वरच्या थरात राहतो, डासांच्या अळ्या खातो आणि घरच्या टँकमध्ये छान रुळतो. गप्पीचं काम करू शकणारा हा देशी मासा आरोग्य खात्याच्या पैदास टाक्यांत आणि गावच्या हौदात आणून पाहायला हवा. त्याची पैदास गप्पीइतकी झटपट होत नाही, कारण तो अंडी घालतो आणि ती पाणवनस्पतींच्या पानांवर चिकटवतो. पण टाकीत थोडं पाणगवत असेल आणि पिल्लं मोठ्या माशांपासून वेगळी ठेवली, तर ती जगतात.