चार पानी मेनूकार्ड आणि त्यावर नसलेलं जेवण

मुंबईपासून कल्याण ५४ किलोमीटर आणि बदलापूर ६८. मधल्या चौदा किलोमीटरांत विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ. यातल्या कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या पाच-सहा टेबलांच्या घरगुती हॉटेलात शिरलं, तर पनीर टिक्का, शेजवान डोसा, ट्रिपल राइस, पावभाजी, दाल पकवान आणि कधी शेवटच्या पानावर सुरमई थाळी असा मेनू हाती पडण्याची शक्यता मोठी. गल्ल्यावर वडील, ऑर्डर घ्यायला मुलगा, आत ओट्याशी आई नाहीतर सून. ‘सगळंच ठेवतात म्हणजे धड काहीच येत नसणार,’ असा शेरा खवय्ये मारतात. पण या मेनूत कोण कुठून आलं याचा हिशेब आहे, आणि त्याहून बोलका आहे तो त्यातून गळलेल्या पदार्थांचा.

सुरुवात उल्हासनगरपासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली. त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. लष्करी नावं मात्र टिकली. आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर आधी येतो.

या कुटुंबांनी सोबत आणली ती साईभाजी: पालक, चुका, शेपू आणि चण्याची डाळ एकत्र शिजवून घोटलेली. आणली दह्याशिवायची कढी: बेसन तेलात खमंग भाजून, चिंचेच्या आंबटपणात भेंडी, गवार, शेवग्याच्या शेंगा सोडलेली. कांदा घातलेली जाड कोकी, कमळकाकडीची भाजी, थदरी सणाच्या थंड जेवणासाठी आदल्या दिवशी करून ठेवायचा गोड लोला. उल्हासनगरच्या घराघरांत हे आजही शिजतं. पण सिंधी मालकाच्या हॉटेलातही मेनूचा मोठा भाग पंजाबी आणि चायनीजनेच व्यापलेला असतो.

याचं एक कारण फाळणीतच आहे. पेशावरहून दिल्लीला आलेल्या कुंदनलाल गुजराल यांनी १९४७ मध्ये दर्यागंजात ‘मोती महल’ सुरू केलं, आणि तंदूर व मखनी ग्रेव्ही ही देशभर ‘बाहेर जेवण्याची’ खूण बनली. चायनीजची गोष्ट मुंबईतली. नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. इडली-डोशाची चव माटुंग्याच्या उडुपी खानावळींनी आधीच लावली होती. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. रिटा कोठारी यांनी गुजरातेतल्या सिंध्यांवरच्या २००७ च्या पुस्तकात दाखवलंय की मांसाहारामुळे नावं ठेवली गेल्यावर तिथे अनेकांनी आपलं खाणंच बदललं. उल्हासनगरात सिंधी बहुसंख्येने एकत्र राहिले, त्यामुळे घरातलं जेवण बदलण्याचा तसा दाब नव्हता. दुकानात मात्र गिऱ्हाईक जे मागेल ते.

दुसरं कारण भटारखान्यात सापडतं. कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही आणि काजू-मगजाची पांढरी ग्रेव्ही सकाळीच तयार झाली की पनीरच्या दहा भाज्या दहा-दहा मिनिटांत निघतात. एका पातेल्यातला मोकळा भात जिरा राइसलाही चालतो, फ्राइड राइसलाही. दोन शेगड्या आणि घरची तीन माणसं असली की चार प्रांत सांभाळता येतात. म्हणूनच सिंधी पदार्थांतून दाल पकवान तेवढा बाहेर पडला. मैद्याची कडक पुरी आधी तळून डब्यात ठेवता येते, डाळ मंद आचेवर गरम राहते, वरून चटणी आणि कांदा घातला की प्लेट तयार. कोकीचं तसं नाही. ती अर्धवट भाजायची, पुन्हा लाटायची, पुन्हा भाजायची. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तव्यापुढे एक माणूस अडकून पडतं.

अंबरनाथ आणि बदलापूरची वाट वेगळी. अंबरनाथला काडेपेटीची ‘विमको’, आयुध निर्माणी आणि पुढे एमआयडीसीतले कारखाने यांनी कामगार आणले. बदलापूर वाढलं ते परवडणाऱ्या घरांमुळे: २००१ च्या जनगणनेत अठ्ठ्याण्णव हजारांच्या आसपास असलेली कुळगाव-बदलापूरची वस्ती २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली. यातले पुष्कळ जण रोज तास-दीड तास लोकलने नोकरीला जाणारे. संध्याकाळी उतरल्यावर पोळी-भाजी केंद्रावरून डबा, रविवारी सहकुटुंब हॉटेल. एकाच टेबलावर आजोबांना मऊ भात, मुलांना नूडल्स आणि वडिलांना मासे हवे असतील तर मालक तरी काय करणार? त्याने मालवणी थाळीशेजारी हक्का नूडल्स ठेवल्या.

इथेही गळालं ते इथलंच. ठाणे-रायगडात भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल घेतात. त्याचं बिरडं हा या भागाचा खास पदार्थ, पण वाल भिजवायचे, मोड आणायचे आणि एकेक दाणा सोलायचा. दीडशे रुपयांच्या थाळीत ते बसत नाही. आगरी घरातली तांदळाची भाकरी हातावर थापावी लागते. हॉटेलात तिच्या जागी तंदुरी रोटी येते.

कोकी आणि बिरडं, दोन शेजाऱ्यांचे दोन पदार्थ, एकाच कारणाने मागे राहिले: दोन्हींत बाईचे तास जातात आणि घरात त्या तासांची किंमत कुणी लावत नाही. ही किंमत लावून घेता येते, हे मुंबईने पाहिलंय. मंचुरियनच्याच १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गिरणी कामगारांना घरच्या घरी जेवण घालणाऱ्या बायका संघटित झाल्या, बँकेच्या कर्जाला पात्र ठरल्या. बदलापूर-उल्हासनगरच्या हॉटेलांत आई-सुनेचे हात आजही राबतात, ते बहुतेक वेळा घरचे म्हणून फुकट. तेव्हा अशा हॉटेलात बसल्यावर ‘आज घरी काय केलंय?’ एवढं विचारून पाहावं. कोकी किंवा बिरडं मिळालं, तर पनीरपेक्षा चार रुपये जास्त द्यायला कुरकुर करू नये. गिऱ्हाइकाने सोलणाऱ्या हाताची मजुरी मान्य केली, तरच मालकाला तो पदार्थ छापणं परवडेल.