बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. त्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात उठलेला वाद अजून शमलेला नाही. पण त्यांच्या श्रद्धेला नवी पालवी फुटली ती त्यानंतर आठेक वर्षांनी, आणि तिच्याविषयी आपण फारसं बोलत नाही.

मधल्या काळात बाईंना उसंत नव्हती. इंग्लंडमधलं अध्ययन-अध्यापन, 1886पासून अमेरिकेचा दौरा, गावोगावची व्याख्यानं, 1887मध्ये ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक. 11 मार्च 1889ला मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. विधवा मुलींचं जेवणखाण, शिक्षण, देणगीदारांचा पत्रव्यवहार, वर्तमानपत्रांतली टीका, सगळं एकट्या बाईच्या अंगावर. श्रद्धा कोरडी पडायला पैसा, चैन किंवा हातातला मोबाईलच लागतो असं नाही. सत्कार्याच्या धबडग्यातही ती आटते.

1907च्या आत्मकथनात रमाबाईंनी स्पष्ट लिहिलं आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. त्यांना हलवलं ते विल्यम हॅस्लम यांच्या आत्मचरित्राने. हॅस्लम कॉर्नवॉलमधले अँग्लिकन पाळक. कित्येक वर्षं पाळकपण केल्यावर 1851 साली ते उपदेशाला उभे राहिले आणि बोलता बोलता त्यांचं स्वतःचंच हृदयपरिवर्तन झालं. ते वाचून रमाबाईंनी आपली झाडाझडती घेतली. तारण कमवायचं नसतं, आहोत तसे येऊन स्वीकारायचं असतं, हे त्यांना शिकवण म्हणून आधीही माहीत होतं. आता ते जिवाला भिडलं.

त्यानंतर काम सुटलं नाही, उलट वाढलं. 1896–97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचं त्यांचं मुक्ती सदन त्यातूनच भरलं. जानेवारी 1905मध्ये त्यांनी तिथे रोजच्या प्रार्थनेसाठी हाक दिली. सुरुवातीला सत्तरेक जणी जमल्या. जूनपर्यंत त्या 550 झाल्या. जूनच्या अखेरीस मुलींमध्ये पश्चात्तापाची लाट उसळली, रडणं आणि पापांची कबुली थांबेना. काही मिशनऱ्यांना हा भावनांचा अतिरेक वाटला. मला त्या अश्रूंहून आधीचे सहा महिने मोलाचे वाटतात, कारण तेव्हा काहीही घडत नसताना बायका रोज जमत होत्या. लाटेनंतर मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला निघाले. केडगावच्या सहकारी मिनी एब्रम्स यांची पुस्तिका चिलीतल्या वाल्पाराइसोला पोहोचली आणि 1909मध्ये तिथल्या मंडळीत जागृती झाली.

रमाबाई स्वतः पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबलच्या भाषांतरात गढल्या. भाषा साधी ठेवली, खेड्यातल्या बाईला कळेल अशी. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या मुलीही तिथल्याच. 5 एप्रिल 1922ला बाई गेल्या. संपूर्ण बायबल त्यानंतर प्रसिद्ध झालं.

आपल्या मंडळ्यांत आता आगमनकाळ येईल. कपडे, करंज्या, कंदील आणि कार्यक्रमांच्या तालमींत डिसेंबर कसा सरतो कळत नाही. यंदा केडगावच्या त्या बायकांसारखं आपल्या वस्तीतल्या चार घरांनी मिळून रोजची एक वेळ ठरवा आणि आजपासूनच प्रार्थनेला बसा.