औषधाचे त्रैराशिक

इसवी सन ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त त्रैराशिकाची जी रीत प्रमाण, फल आणि इच्छा या तीन पदांनी सांगितली, तीच रीत औषधांची ट्रॉली घेऊन रुग्णांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका, त्या ग्रंथाचे नावही मनात न आणता, दिवसातून कितीएक वेळा चालवीत असते. तापाने फणफणलेल्या १० किलो वजनाच्या बालकास, दर किलोस १५ मिलिग्रॅम या हिशेबाने, डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लिहून दिले, ही झाली इच्छा. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असे छापलेले असते, त्यांतील १२५ हे प्रमाण आणि ५ हे फल. इच्छेस फलाने गुणून प्रमाणाने भागले की ६ मिलिलिटर हे उत्तर मिळते.

परंतु याच औषधाची दुसरी बाटली ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमची असते आणि तान्ह्यांसाठीचे थेंब १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात. म्हणजे त्याच बालकास पहिलीतून ६, दुसरीतून ३ आणि थेंबांतून अवघे दीड मिलिलिटर पुरते, आणि थेंबांच्या कुपीतूनच ६ दिले गेले तर चौपट औषध पोटात जाते. या हिशेबाची खरी जोखीम प्रमाणाच्या पदात दडलेली आहे, असे मला वाटते ते यामुळेच.

इन्सुलिनच्या बाबतीत तर कागदावर हिशेब मांडण्याचीही वेळ येत नाही. आपल्याकडे ते १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांत मिळते, आणि त्यांच्या सिरींजही निराळ्या, ४० ची लाल टोपीची व १०० ची नारिंगी. १०० च्या कुपीतील औषध लाल टोपीच्या सिरींजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर डोळ्यांस २० दिसतात आणि कातडीखाली ५० जातात, ज्यायोगे रक्तातील साखर झपाट्याने उतरून रोगी बेशुद्धही पडू शकतो. लिहिणाराचा हातही असाच घात करतो: ‘.५’ मधील टिंब पुसट झाले की ५ वाचले जाते, म्हणून तेथे ०.५ असेच लिहावयास हवे.

जुने पंतोजी ताळा पाहिल्यावाचून उत्तर मान्य करीत नसत. इन्सुलिन, हेपॅरिन यांसारखी औषधे देण्यापूर्वी दुसऱ्या परिचारिकेकडून खातरजमा करून घेण्याचा जो दंडक आहे, आणि रात्रपाळीस सारा वॉर्ड एकटीवर सोपविला असता जो पाळणे तिला केवळ अशक्य होते, तो हाच ताळा होय. मात्र पहिलीने “सिस्टर, वीसच ना?” असे विचारले की दुसरीच्या तोंडून होकार आपसूक निघतो, यास्तव दुसरीने ते उत्तर कानी पडण्यापूर्वी कुपी आणि सिरींज स्वतः हाती घ्यावी, लेबल वाचावे, कोऱ्या कागदावर आपला हिशेब मांडावा, आणि मगच दोघींनी आपापले कागद शेजारी ठेवावेत.